शुगर आहे म्हणून गजकर्ण जात नाही का?

पन्नाशीतले एक गृहस्थ, आठ वर्षांचा मधुमेह. जांघेतलं गजकर्ण सहा महिने छळत होतं. मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबायची, सोडलं की चट्टे आधीपेक्षा मोठे. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ९.८. मधुमेहाच्या समुपदेशनात वरचेवर येणारा प्रश्नच त्यांनी विचारला: "शुगरमुळे माझी प्रतिकारशक्ती संपली का? ती वाढवायच्या गोळ्या सुरू करू का?" (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

संपत नाही, मंदावते. बुरशी शिरली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, तिला गिळतात आणि पोटात घेऊन तीव्र रसायनांनी मारतात. शुगर सतत चढी असेल तर पोचणं, गिळणं, मारणं, तिन्ही कामं ढिली पडतात. मारण्याची रसायनं बनवायला पेशीला एनएडीपीएच नावाचं द्रव्य लागतं. जादा ग्लुकोजचं सॉर्बिटॉल या दुसऱ्या पदार्थात रूपांतर करण्यातही तेच खर्च होतं, मग लढाईला कमी उरतं. पण या पेशी फार दिवस जगत नाहीत, नव्या सतत तयार होत असतात. शुगर उतरली की त्यांचं काम सुधारतं. 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी हे साधत नाही.

तरीही सगळा दोष शुगरवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. कातडीच्या घड्यांत, गुप्तांगावर होणाऱ्या कॅन्डिडा या बुरशीचा शुगरशी संबंध थेट आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यामुळे तिथे कॅन्डिडा जास्त होतो. अशी गोळी सुरू झाल्यावर खाज आली तर डॉक्टरांना लगेच सांगावं, गोळी मनाने बंद करू नये. गजकर्णाची बुरशी मात्र त्वचेच्या वरच्या मृत थरातलं केराटिन खाऊन जगते आणि शुगर नसलेल्या धडधाकट माणसालाही गाठते. म्हणून ते वारंवार उलटत असेल तर आणखी कुठे गळती आहे ते पाहावं लागतं.

त्यांना लावत असलेली ट्यूब आणायला सांगितली. घटकांत पहिलंच नाव क्लोबेटासोल, म्हणजे जोरदार स्टेरॉइड. सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. खाज दोन दिवसांत का थांबायची ते इथे कळलं. स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्तीच दाबतं. खाज जाते, बुरशी निवांत पसरते. गोल चट्ट्याची उठावदार कडा पुसट होते, त्यामुळे डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. मोठ्या भागावर महिनोन्महिने लावलं तर ते अंगात शोषलं जाऊन शुगर वाढवू शकतं, जांघेतली नाजूक कातडी पातळ होते ती वेगळीच. ज्या प्रतिकारशक्तीसाठी ते गोळ्या शोधत होते, तिचा गळा घरातलीच ट्यूब आवळत होती.

मग मोजे काढायला सांगितले. दोन्ही पायांच्या करंगळीशेजारच्या बेचक्यात चिखल्या, कातडी पांढरी, भिजल्यासारखी, एका बाजूला बारीक चीर. "इथे तर काही होत नाही," ते म्हणाले. नसा बधिर झाल्या की खाज, वेदना जाणवत नाहीत, म्हणून मधुमेहात रोज डोळ्यांनी पाहणं भाग आहे. त्या चिरेतून जंतू शिरले तर पाय सुजून लाल होतो, ताप येतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शिवाय चड्डी पायांतून वर ओढताना बुरशी जांघेत पोचते. उपाय साधा: आधी मोजे, मग चड्डी. पायांचा टॉवेल वेगळा. बेचकी कोरडी करायची, कातडी मऊ करणारं क्रीम मात्र तिथे चोपडायचं नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी कातडी खरवडून केओएच तपासणी (खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) केली, बुरशी दिसली, टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध सुरू झालं. या गृहस्थांना दोन गोष्टी आधीच बजावल्या होत्या. स्टेरॉइड थांबल्यावर सुरुवातीचे काही दिवस लाली आणि खाज उसळते. ती औषध लागू न पडल्याची खूण नव्हे, जुन्या ट्यूबकडे वळायचं नाही. फार उसळली तर डॉक्टरांना दाखवायचं. दुसरं, शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी त्वचेच्या डॉक्टरांपुढे ठेवायची. ते ग्लिमेपिराइड घेत होते. त्यासोबत फ्लुकोनाझोल हे बुरशीचं दुसरं औषध आलं तर शुगर खाली घसरू शकते.

मलम लावायची पद्धतही करून दाखवावी लागते. आंघोळीनंतर घड्या पूर्ण कोरड्या होऊ द्यायच्या. बोटाच्या शेवटच्या पेऱ्याइतकं मलम बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. बाहेरून आत यायचं आणि चट्ट्याभोवतीची दोनेक सेंटिमीटर चांगली दिसणारी कातडीही घ्यायची, कारण बुरशी तिथवर पोचलेली असते. डाग गेला म्हणून थांबायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे. घरात कुणाला खाज असेल तर त्याचा उपचारही याच वेळी. त्यांच्या मुलाला होतं, त्यानेही तीच ट्यूब वापरली होती.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.६, जांघ स्वच्छ, बेचक्या कोरड्या. अंगठ्याचं नख अजून पिवळंच होतं. पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे त्यासाठी आणखी गोळ्या द्यायच्या का हा निर्णय डॉक्टरांनी नखाची तपासणी येईपर्यंत राखून ठेवला आहे.