वाचकांचे प्रश्न : मालधक्क्याच्या भिंती का वाकतात?

प्रश्न : ग्वाल्हेर ते श्योपूर कलाँ या छोट्या लाइनची आठवण म्हणून मी घरी तिचा नमुना मांडत आहे. एका फुटाला चार मिलीमीटर असे प्रमाण धरले असून दोन रुळांमध्ये नऊ मिलीमीटर अंतर असलेला तयार रूळ घेतला आहे. आइस्क्रीमच्या काड्या फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवून मालधक्क्याची शेड केली. पण काही दिवसांतच भिंतींना बाक आला आणि रंग दिल्यावर जागोजागी पांढरे डाग राहिले. हे कसे टाळावे? शिवाय अमेरिकेतील रेल्वेच्या चित्रांत असतो तसा उंच लाकडी पूल या मांडणीत शोभेल काय?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपण निवडलेले प्रमाण योग्य आहे. या लाइनची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, ६१० मिलीमीटर, म्हणजे दोन फूट होती. आपल्या प्रमाणात ती आठ मिलीमीटर भरते. तयार रूळ एका मिलीमीटरने रुंद असला तरी डोळ्यांना ते जाणवत नाही. त्याचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) मात्र फार जवळजवळ असतात, ते बारीक खडीखाली अर्धवट झाकावेत.

आता काड्यांविषयी. आइस्क्रीमची काडी साधारण दोन मिलीमीटर जाड आणि दहा मिलीमीटर रुंद असते. आपल्या प्रमाणात ती सहा इंच जाडीची आणि अडीच फूट रुंदीची फळी होते, आणि अशा फळ्यांची शेड कोणत्याही सुताराने कधी उभारली नसेल. फळ्यांसाठी प्लायवुडच्या दुकानात मिळणारे अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचे विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) घ्यावे आणि पोलादी पट्टी लावून, नव्या ब्लेडने त्याच्या दोन मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. म्हणजे सहा इंची फळी मिळते. विनियर निवडताना रेषा बारीक असलेलेच पाहावे, कारण ठळक रेषांचे सागवान एरवी कितीही देखणे असले तरी या आकारात विसंगत दिसते. खांब आणि चौकटी यांसाठी आगपेटीची लाकडी काडी उत्तम, कारण तीही सुमारे दोन मिलीमीटर, म्हणजे सहा इंची खांबाएवढी भरते. गुलाच्या बाजूचा भाग तेवढा कापून टाकावा. तिकडे मेण मुरवलेले असते आणि त्यावर रंग धरत नाही.

भिंत वाकली ती फेविकॉलमधील पाण्यामुळे. पुठ्ठ्याची एकच बाजू भिजते, फुगते आणि वाळताना आकसते. दुसरी बाजू कोरडीच राहते, म्हणून भिंतीला बाक येतो. एकाच बाजूला रंग दिला तरी तेच घडते. यावर उपाय असा की, फेविकॉलचा अगदी पातळ थर द्यावा, भिंतीच्या मागच्या बाजूलाही त्याच वेळी जाड कागद चिकटवावा आणि दोन सपाट फरशांमध्ये दाबून भिंत रात्रभर ठेवावी. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगते. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात घट्ट भिडवून बसवलेल्या पट्ट्या पावसाळ्यात एकमेकींना रेटतात, म्हणून त्यांच्यात केसाएवढी फट राहू द्यावी. मोठ्या भिंतीला आतून दोन-तीन उभे ठोकळे लावले की काम पक्के होते. चारही कोपरे मात्र गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावूनच जोडावेत.

पांढऱ्या डागांचे कारण वेगळे आहे. फेविकॉल जिथे सांडतो किंवा बोटाने पसरतो, तिथली लाकडाची छिद्रे बुजतात आणि रंग आत मुरत नाही. म्हणून लाकूड आधी रंगवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मगच जोडावे. ऊन-पाऊस खाल्लेल्या लाकडाची करडी छटा हवी असल्यास साध्या लोखंडी चुका व्हिनेगरमध्ये काही दिवस, झाकण सैल ठेवून, भिजत घालाव्यात. हे पाणी लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळाले की लाकूड काळपट करडे होते. फिकट लाकडात टॅनिन कमी असते, तेव्हा आधी कडक, बिनदुधाच्या चहाचा एक हात द्यावा. स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलची घासणी इथे उपयोगाची नाही, कारण ती व्हिनेगरमध्ये फारशी विरघळत नाही. एका पट्टीच्या तुकड्यावर रंग पाहिल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. ही छटा तासाभराने अधिक गडद होते.

एक सूचना आगाऊपणे करतो. सगळेच लाकडाचे करण्याचा हट्ट धरू नये. दगडाच्या मुलखातील मालधक्क्याला पुठ्ठ्यावर उठवलेली दगडी भिंत शोभेल, आणि लाकूड छपराची कैची (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा), दारे, खिडक्या व वळचणीची झालर यांवर खर्ची घालावे. कैच्या कागदावरील एकाच आराखड्यावर बटर पेपर ठेवून जोडाव्यात, म्हणजे सर्व एकसारख्या होतात आणि पत्रा सपाट बसतो.

पुलाविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. तसे उंच लाकडी पूल तिकडे लाकूड मुबलक होते आणि लाइन झटपट पुढे न्यायची होती म्हणून उभारले गेले; पुढे त्यांतील कित्येक मातीच्या भरावात गाडलेही गेले. वाळवीच्या आपल्या देशात, आणि त्यातही २०२० मध्ये थांबलेल्या आपल्या या लाइनवर, तो परका वाटेल. लाकूडकामाची हौस भागवायचीच असेल, तर पुरात खचलेला भराव दाखवावा आणि रूळ तात्पुरते पेलण्यासाठी आडव्या-उभ्या रचलेल्या स्लीपरची चवड त्याखाली उभी करावी. खचल्या जागी अशी चवड आपल्याकडे खरोखरच रचतात. आगपेटीच्या काड्यांचे वीस मिलीमीटरचे तुकडे, म्हणजे पाच फुटी स्लीपर, एका थरात रुळांच्या दिशेने आणि पुढच्या थरात त्यांना आडवे रचत जावे. तुकडे साच्यात धरून कापले नाहीत तर तिसऱ्या-चौथ्या थरातच चवड कलते. शेजारी वेगमर्यादेचा फलक लावावा आणि गाडी तिथून हळूच न्यावी.