स्कुदेत्तो म्हणजे ढाल, आणि कोप्पावाल्यांचा तुरा

प्रश्न असा आला आहे: "क्रीडापानावर 'नापोलीने स्कुडेटो चषक उंचावला' असं वाचलं. स्कुडेटो हे त्या चषकाचं नाव आहे का? कोपा इटालिया जिंकणाऱ्यालाही स्कुडेटोच मिळतो का? बोलोन्याच्या जर्सीवर वेगळाच गोल बिल्ला दिसतो, तो कसला?"

'स्कुडेटो चषक' हा प्रयोग साफ चुकीचा आहे आणि इटलीतली लीग संपली की दर वर्षी नेमाने छापून येतो. स्कुदेत्तो कुणाला उंचावता येत नाही, तो जर्सीवर शिवतात. 'सेरी आ' ही इटलीची अव्वल फुटबॉल लीग. ती जिंकणारा संघ पुढचा सगळा हंगाम छातीवर हिरवी-पांढरी-तांबडी अशी एक छोटी ढाल मिरवतो. ती ढाल म्हणजे स्कुदेत्तो. २०२५ च्या मे महिन्यात नापोलीने काल्यारीला २-० असं हरवून लीग चौथ्यांदा जिंकली. खेळाडूंनी डोक्यावर धरला तो धातूचा चषक निराळा आणि पुढच्या मोसमात छातीवर आली ती ढाल निराळी. लीग जिंकण्यालाच इटलीत 'स्कुदेत्तो जिंकणे' म्हणतात, तेही बरोबर आहे. आपल्याकडे खुर्ची मिळाली म्हटलं की पद मिळालेलं असतं, तसंच हे. पण म्हणून कुणी 'खुर्ची टेबल मिळालं' असं लिहीत नाही.

शब्दाची फोड सोपी आहे. लॅटिन 'स्कूतुम' म्हणजे रोमन सैनिकाची मोठी ढाल. त्यावरून इटालियनमध्ये 'स्कुदो', आणि त्याला लहानपण दाखवणारा '-एत्तो' लागून 'स्कुदेत्तो', म्हणजे चिमुकली ढाल. नाण्यांवर राजघराण्याची ढाल उमटवत, म्हणून इटलीतल्या जुन्या नाण्यांनाही स्कुदो म्हणत. पोर्तुगालचा 'एस्कुदो' याच कुळातला. मुक्तीपूर्वीची शेवटची काही वर्षं गोव्यात हाच एस्कुदो चालत होता. जुन्या रुपयाला सहा असा त्याचा भाव होता. गोव्यातल्या वाचकांच्या घरी एखादं नाणं निघालं तर त्यावरची ढाल जरूर पाहावी.

जर्सीवर ही ढाल पहिल्यांदा आली १९२४-२५ च्या हंगामात, आदल्या वर्षीच्या विजेत्या जेनोआच्या छातीवर. त्यामागची कल्पना कवी गाब्रिएले द'अनुन्झिओची मानतात. १९१९ मध्ये त्याने आपली माणसं घेऊन फ्यूमे शहर ताब्यात घेतलं (आजचं क्रोएशियातलं रियेका). तिथल्या एका फुटबॉल सामन्यात त्याने आपल्या संघाच्या सदऱ्यांवर तिरंगी ढाल लावली, अशी हकिकत आहे. मात्र 'हा शब्दच द'अनुन्झिओने घडवला' असं जे ठोकून दिलं जातं ते अजिबात मान्य करू नका. इटालियन बागकामात 'स्कुदेत्तो कलम' असतं. झाडाच्या सालीचा ढालीसारखा तुकडा डोळ्यासकट काढायचा आणि दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा. आपले संत्रेवाले 'डोळा भरणं' म्हणतात तेच हे. शब्द शेतात नांदत होता, कवीने तो मैदानावर नेला असेल तर तेवढंच श्रेय त्याला द्या.

मराठीत स्कुदेत्तोला ढालच म्हणावं, 'बिल्ला' नको आणि 'मानचिन्ह' तर मुळीच नको. शाळांच्या स्पर्धांत फिरती ढाल आपण पिढ्यान्‌पिढ्या जिंकत आलो आहोत. शिवाय मराठी ढाल नुसती वार झेलणारी नाही. मोल्सवर्थचा कोश उघडला तर ढालीचा दुसरा अर्थ सापडतो: सैन्याचं मोठं निशाण, सरदाराचा झेंडा. ते निशाण वाहणारा हत्ती तो ढालगज. 'ढालगज भवानी' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण त्यात सैन्याच्या अग्रभागी झेंडा घेऊन चालणारा हत्ती आहे हे विसरतो. कपाळावर ढाल बांधलेला हत्ती तो ढालगज, असं सांगणारे भेटतात. त्यांनी आधी 'ढालकाठी' या शब्दाचा अर्थ लावून दाखवावा. ढालीला काठी लागते ती झेंड्याची. आता पाहा, स्कुदेत्तो म्हणजे ढालीच्या आकारात कापलेला देशाचा झेंडाच. ढाल आणि निशाण हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बाळगणारी भाषा आपल्या हाताशी असताना क्रीडापानांनी 'स्कुडेटो चषक' लिहावं याचा राग येतो.

आता त्या गोल बिल्ल्याकडे येतो. खरी मौज तिथेच आहे.

कोप्पा इतालिया ही लीगहून वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा. पहिली १९२२ ची. त्या वर्षी महासंघाशी भांडून बडे क्लब बाहेर पडले होते आणि स्पर्धा जिंकली लिगुरियातल्या वादो नावाच्या छोट्या गावाच्या संघाने. अंतिम सामन्यात जादा वेळेत विर्जिलिओ लेव्रात्तोने उदिनेझेवर एकमेव गोल केला. त्याचा फटका इतका जबर होता की चेंडू जाळं फाडून बाहेर गेला अशी आख्यायिका आहे; 'जाळीफोड्या' हे टोपणनाव मात्र त्याला कायमचं चिकटलं. पुढे स्पर्धा बंद पडली, १९३५-३६ मध्ये पुन्हा भरली तेव्हा तोरिनोने जिंकली. महायुद्धात पुन्हा खंड पडला आणि १९५८ मध्ये लाझिओ विजेता ठरला. २०२५ मध्ये रोमच्या ओलिंपिको मैदानावर बोलोन्याने मिलानला १-० हरवलं. गोल डॅन न्डोयेचा, आणि बोलोन्याला हा चषक मिळाला तो १९७४ नंतर थेट तेव्हा.

या स्पर्धेच्या विजेत्याला ढाल मिळत नाही. त्याच्या छातीवर येते ती 'कोकार्दा', तिरंगी वर्तुळं एकात एक असलेली. हा शब्द फ्रेंच 'कोकार्द'वरून आला. टोपीला लावायची रंगीत फित, फ्रेंच क्रांतीने गाजवलेली. त्याच्याही मागे गेलं की जुन्या फ्रेंचमधला 'कोकार' भेटतो, म्हणजे कोंबड्यासारखा ताठ्यात चालणारा. आणि त्याच्या मुळाशी 'कोक', म्हणजे कोंबडा! टोपीवरची ती फित म्हणजे कोंबड्याच्या डोक्यावरचा तुरा.

मराठीत तुरा कोंबड्याचाही आणि पागोट्याचाही. 'शिरपेचात मानाचा तुरा' ही शब्दकळा आपल्या क्रीडापानांनी तालुक्याच्या कबड्डीपासून ऑलिंपिकपर्यंत प्रत्येक विजयाला लावून झिजवून टाकली आहे. ज्या एका ठिकाणी ती अक्षरशः खरी आहे तिथे मात्र कुणी ती वापरत नाही. बोलोन्याने तुरा जिंकला, असं लिहा. इतकं नेमकं भाषांतर दुसऱ्या कुठल्या क्रीडाशब्दाला मिळालेलं मला माहीत नाही.

याहून पुढचा माझा एक कयास आहे. तुरा आणि तोरा हे मुळात एकच असावेत. तुरा हा शब्द फारसीतून आला, म्हणून 'तुटणं-तोडणं', 'फुटणं-फोडणं' यांसारखी उ-ओची अदलाबदल त्याला लावता येणार नाही, असा आक्षेप व्युत्पत्तीची मंडळी घेतात. मला तो पटत नाही. बाहेरून आलेला शब्द मराठीच्या तोंडात बसला की मराठीच्या चालीने चालायला लागतो. अर्थाचा धागा तर उघड आहे. डोक्यावर तुरा आला की माणूस तोऱ्यात चालतो. फ्रेंचमध्येही कोंबड्यापासून ताठा आणि ताठ्यापासून फित, असाच प्रवास झालेला आहे. एक भाषा ज्या वाटेने गेली त्या वाटेने दुसरी जाऊ शकते.

लीग आणि कोप्पा एकाच हंगामात जिंकल्या तर ढाल आणि तुरा दोन्हींचा मान मिळतो. असा पहिला दुहेरी विजय १९४२-४३ मध्ये तोरिनोचा; मॅराडोनाच्या नापोलीने तो १९८६-८७ मध्ये मिळवला. बोधचिन्हाजवळचा तारा ही आणखी तिसरी गोष्ट, दहा लीगविजयांमागे एक. पहिला तारा १९५८ चा, युवेंतुसचा.

लिहिताना 'कोपा' नको. 'कोपा' स्पॅनिश-पोर्तुगीज, कोपा अमेरिकातला. इटालियनमध्ये द्वित्त आहे, कोप्पा. 'स्कुडेटो'ही नको, कारण इटालियन द आणि त हे आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीकडे ती अक्षरं नाहीत म्हणून तिथे ड-ट होतं. आपल्याकडे द आहे, त्त आहे. स्कुदेत्तो, आणि खेळाडूंची नावंही तोत्ती, बुफ्फोन असंच लिहावं.