मुरमांच्या काळ्या डागांवर ग्लायकोलिक अॅसिड रोज लावलं तर चालेल का?

मुरूम गेले पण काळे डाग राहिले, ग्लायकोलिक अॅसिड रोज रात्री लावलं तर महिन्याभरात जातील का, असं तुम्ही विचारलंय. रोज लावू नका, आणि महिन्याची मुदतही घालू नका. माझे डाग फिके व्हायला पाच महिने लागले, आणि त्यातले पहिले दोन मीच केलेली चूक निस्तरण्यात गेले.

मी ऑनलाइन मागवलेलं एक कडक पीलिंग सोल्यूशन, म्हणजे वरची त्वचा सोलणारं अॅसिड, वापरलं होतं. बाटलीवर दहा मिनिटं लिहिलेली, मी वीस ठेवलं. चुरचुरतंय म्हणजे काम होतंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी जबड्याच्या कडेला लाल चट्टा आला, मग तपकिरी पापुद्रा धरला. तो सुटला तेव्हा खाली आधीच्यापेक्षा मोठा डाग होता. आपली सावळी त्वचा भाजली, सोलली, खाजवली की तिथे जास्त रंग तयार करते. मुरमाचा डागही असाच पडतो.

अॅसिड डाग पुसत नाही. वरच्या मेलेल्या पेशी एकमेकींना धरून असतात, ती पकड ते सैल करतं, आणि पेशींसोबत त्यांच्यातला रंगही निघून जातो. वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त. म्हणून महिन्याभरात फारसं काही दिसत नाही. निळसर-करडा डाग खोल असतो, तिथवर या बाटल्या पोचत नाहीत.

ग्लायकोलिकचा रेणू लहान, त्यामुळे ते झटकन आत शिरतं आणि झोंबतंही. त्वचा नाजूक असेल तर लॅक्टिक किंवा मॅन्डेलिक ही सौम्य अॅसिडं बरी. अजून पुटकुळ्या येत असतील तर सॅलिसिलिक, ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रांत उतरतं. ग्लायकोलिक घरी लावताना ५ ते १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. आधी कानामागे लावून दोन दिवस बघा, मग आठवड्यातून दोनच रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, आणि वरून साधं मॉइश्चरायझर. त्या रात्री रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं क्रीम) नको. थ्रेडिंग केलेल्या दिवशी तर अजिबात नको.

आता खरी गोष्ट, ऊन. मी मुंबईत लोकलने गोरेगावहून चर्चगेटला जाते. सकाळी लेडीज डब्यात डावीकडची खिडकी धरायची, तोंड गाडीच्या दिशेला. पूर्वेचं ऊन डाव्या गालावर. संध्याकाळी परततानाही डावीच खिडकी, आता पश्चिमेचं ऊन, गाल तोच. माझे डावीकडचे डाग उजवीकडच्यांपेक्षा ठळक का, हे मला डॉक्टरांनी गाडीत कुठे बसता असं विचारल्यावर कळलं. अॅसिड लावलेल्या त्वचेला ऊन आणखी बाधतं. तेव्हा एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम रुमालाने घासू नका, टिपा. पावसाळ्यातही लावा, ढगांतून अतिनील किरण येतातच.

लिंबू चोळू नका, त्यावर ऊन पडलं तर फोड येऊन आणखी काळे डाग पडतात. औषधाच्या दुकानातून नुसतं सांगून मिळणारी ‘डागांची क्रीम’ही नको. त्यांतल्या कितीतरी क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लालसर होते, आणि क्रीम थांबवली की चेहरा पेटतो.

दोन्ही गालांवर, कपाळावर सारखाच तपकिरी पट्टा असेल तर तो मुरमाचा डाग नाही, वांग असू शकतो. तेव्हा स्वतः काही लावू नका. केईएम, सायन, नायर या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. दिवस गेलेले असतील तर तेही तिथे आधी सांगा. मला शेवटी अॅझेलेइक अॅसिडने गुण आला, पण तेही डॉक्टरांनी त्वचा बघून दिलं होतं.