डायनासोर आणि खापरं, दोन्ही हवं असलेल्या मुलीसाठी

प्रश्न: माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला पीसीबी घेऊन ७६ टक्क्यांनी पास झाली. नीटमध्ये नंबर लागण्यासारखे मार्क नाहीत. एक वर्ष गॅप घेऊन तिने पुन्हा बसावं असं आम्हाला वाटतं, क्लासवाल्यांशी बोलणंही झालंय. ती मात्र म्हणते, "मला आर्किऑलॉजी करायची आहे, डायनासोर शोधायचे आहेत." हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर माहुरझरीला गेली होती, तिथून खापराचे तुकडे आणि दोन मणी आणून बुटांच्या डब्यात ठेवलेत. तिचे बाबा म्हणतात, माती उकरून पोट भरत नाही. मला काळजी वाटते ती वेगळीच, मुलीच्या जातीने रानावनात कसं राहायचं? काय करावं?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर:

ताई, आधी एक घोळ सोडवू या. आर्किऑलॉजी केली तर तुमच्या मुलीला डायनासोर सापडणार नाहीत. पुरातत्त्वाचा संबंध माणसाशी: त्याची हत्यारं, भांडी, घरं, थडगी. डायनासोर माणसाच्या कितीतरी आधीचे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले. त्यांचा अभ्यास जीवाश्मशास्त्रात होतो आणि तिकडे जाण्याची वाट भूगर्भशास्त्रातून किंवा वनस्पती-प्राणिशास्त्रातून जाते. टीव्हीवर दोन्हीकडे ब्रश घेऊन बसलेली माणसं दिसतात, त्यामुळे मोठी माणसंही गल्लत करतात. तिला रागावू नका.

आणि खरं सांगायचं तर नागपूरच्या मुलीने ही गल्लत करावी यात नवल नाही. सिव्हिल लाईन्समधलं कॉलेज ज्याच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉपने हेच केलं होतं. पेशाने मिशनरी. १८५०च्या आसपास त्याने आज शहरात विरून गेलेल्या टाकळीजवळ लाव्हाच्या दोन थरांच्या मधला गाळाचा थर पाहिला आणि त्यातून गोगलगायी, बिया, कीटकांचे अवशेष गोळा केले. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात जीव जगले, मग दुसऱ्या लाव्हाने सगळं झाकलं, असा तो थर. त्याच माणसाला टाकळघाटच्या शिलावर्तुळांचंही, म्हणजे जुन्या दफनांभोवती मांडलेल्या दगडांच्या वर्तुळांचंही वेड होतं. १८६३ मध्ये ती वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नदीत तो बुडाला. त्या काळी एकच माणूस दोन्ही करू शकत होता. आज तसं होत नाही. आज एकाच ठिकाणी दहा वेगळ्या विषयांची माणसं लागतात आणि प्रत्येकाच्या हातात दुसरंच काहीतरी असतं: एकाकडे हाडं, एकाकडे माती, एकाकडे शिलालेखाचा ठसा.

म्हणून मी तिला "आर्किऑलॉजी की जिऑलॉजी" असं विचारणार नाही. तिला हातात काय धरायला आवडतं, ते विचारीन.

एक उदाहरण देतो. वरोऱ्याजवळ, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरची अश्मीभूत विष्ठा मिळते. होय, विष्ठा. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रयोगशाळेत विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यात गवताचे सिलिकाचे कण सापडले. झाड मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका ओढतं, ती पेशींमध्ये साचून त्यांचाच आकार घेते. पान कुजून गेलं तरी तो आकार मातीत राहतो आणि कुठल्या कुळातली वनस्पती ते सांगतो. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तोवर डायनासोरांच्या काळात गवत असल्याचा असा ठोस पुरावा नव्हता. नंतर तिथल्याच नमुन्यांत भाताच्या कुळातल्या गवतांच्या खुणाही मिळाल्या. या शोधात कुदळीपेक्षा सूक्ष्मदर्शकाचं काम जास्त होतं. आणि हेच तंत्र दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतल्या राखेवर वापरलं की त्या घरात कुठलं धान्य शिजत होतं ते कळतं. म्हणजे एक कौशल्य शिकलं तर तुमच्या मुलीला डायनासोर आणि खापरं, दोन्हीकडे काम आहे.

वय काढण्याचंही असंच. कोळसा, हाड, धान्य मिळालं तर कार्बन-१४ चालतो, म्हणजे जीव मेल्यावर हळूहळू घटत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन मोजतात. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो, त्यामुळे साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजायला काही उरत नाही. दगडाचं वय काढायला त्यात साठलेला आर्गॉन वायू मोजण्यासारख्या पद्धती लागतात. लोणारचं विवर बराच काळ सुमारे ५२,००० वर्षांचं मानलं जात होतं. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षं निघालं. दहापटीहून जास्त फरक! भौतिक आणि रसायनशास्त्र आवडणाऱ्या मुलामुलींनाही या क्षेत्रात खूप करण्यासारखं आहे, ते कोणी सांगत नाही.

आता बुटांचा डबा. माहुरझरी हे मणी बनवण्याचं जुनं केंद्र. शिलावर्तुळांच्या खालच्या दफनांत तिथे घोड्यांचे सांगाडे आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे दागिनेही मिळाले आहेत. अर्धवट घडवलेला मणी गारगोटीच्या कपच्यांमध्ये मिळाला तर तिथे कारागीर बसत होता, तोच मणी सांगाड्याच्या गळ्याशी मिळाला तर तो कुणाचा तरी दागिना होता. डब्यात आला की तो नुसता मणी. शिवाय अशा ठिकाणची वस्तू उचलणं कायद्यातही बसत नाही. तिला सांगा, नेमक्या कुठल्या जागेवर काय मिळालं ते आठवेल तसं कागदावर लिही आणि वस्तूंसकट अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, किंवा विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात नेऊन दे. कोणी फासावर चढवणार नाही. उलट तिथल्या माणसांशी ओळख होईल आणि ती पुढे उपयोगी पडेल. याच विभागाच्या माणसांनी पुरातत्त्वज्ञ एस. बी. देव यांच्या काळात माहुरझरी, टाकळघाट-खापा इथे उत्खननं केली. पुढे देवांच्याच उत्खननात नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली.

बाबांच्या प्रश्नाला सरळ उत्तर: नुसत्या पुरातत्त्वाच्या एम.ए.वर नोकरी मिळते, पण जागा कमी, जाहिराती अनियमित, मधली वर्षं कंत्राटी कामावर काढावी लागतात. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून माझं मत असं की मुलीने सायन्स सोडू नये. बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घ्यावं, जोडीला वनस्पतिशास्त्र मिळालं तर उत्तम. नंतर एम.एस्सी. भूगर्भशास्त्र. मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देता येते आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात वर्ग एकची नोकरी मिळू शकते, मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. त्यांचं मध्य विभागाचं कार्यालय तुमच्या सेमिनरी हिल्सवरच आहे. भारतीय खाण ब्यूरो, मँगनीज काढणारी मॉईल, कोळसा काढणारी वेकोली, खनिजं शोधणारी एमईसीएल, सगळ्यांची मुख्यालयं नागपुरात. भूगर्भशास्त्र शिकलेल्याला नागपूर म्हणजे माहेरच. बाबांना ही यादी दाखवा, आवाज खाली येईल.

एक अडचण आहे. बारावीला गणित नसेल तर एम.एस्सी.ला काही संस्थांमध्ये प्रवेश अडतो. तेव्हा बी.एस्सी.चे विषय निवडण्यापूर्वी तिला जिथे जायचं आहे तिथलं माहितीपत्रक वाचा.

आणि पदवी हातात आल्यावरही तिचं मन खापरांतच राहिलं तर? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. तिथे प्राण्यांची हाडं, धान्यं, माती यांवर काम करणाऱ्या माणसांची मोठी परंपरा आहे आणि सायन्सची मुलगी तिथे उठून दिसते. रामटेकजवळच्या नगरधनला अलीकडे राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी मिळून उत्खनन केलं, त्यात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मुद्रा मिळाली. मुद्रा पेपरात आली. तिथली हाडं आणि खापरं मोजत बसणाऱ्यांची नावं आली नाहीत. या क्षेत्रात बरंचसं काम असंच बिननावाचं असतं, हे तिने आधीच समजून घ्यावं.

तुमच्या काळजीबद्दल. रानात राहावं लागतं, तंबूत किंवा गावातल्या शाळेत. उत्खननाचा सीझन बहुतेक हिवाळ्यात असतो, मे महिन्याच्या विदर्भाच्या उन्हात कोणी खणत नाही. पण वर सांगितलेल्या पिसदुराच्या शोधनिबंधावरची पहिली दोन्ही नावं बायकांचीच आहेत. तरीही मुलीला कॅम्पवर पाठवण्याआधी राहायची सोय काय, शौचालय आहे का, सोबत कोण, हे तुम्ही बिनदिक्कत विचारा. चांगला प्रमुख या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर पाठवू नका.

नीटचं म्हणाल तर, तिला डॉक्टर व्हायचं असतं तर मी एक वर्ष द्या म्हटलं असतं. तिला व्हायचं नाही. क्लासची फी भरण्यापूर्वी एकदा तिला विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात घेऊन जा आणि तिथल्या एम.एस्सी.च्या एखाद्या मुलीशी तिला एकटीला बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा.