पायलटची निवृत्ती ६५ वरून ६७ करायला पायलटच विरोध का करतात, आणि यात सिक लीव्ह कुठून आली?

तुम्ही विचारलंय की सिनियर पायलट म्हणतात आम्हाला ६७ पर्यंत उडू द्या, ज्युनियर म्हणतात तुम्ही तसेही निम्मा वेळ सिक लीव्हवरच असता, तर यात खरं कोणाचं? मी अमेरिकेतल्या एका एअरलाइनच्या क्रू शेड्यूलिंगला, म्हणजे कुठल्या विमानावर कोण जाणार हे लावणाऱ्या विभागात आहे, पायलट नाही, पण कोणी सिक टाकली की फोन आमच्याकडेच येतो त्यामुळे दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी ऐकून ऐकून पाठ झालीत.

आधी एक समजून घ्या, हे भांडण वयाच्या नावाने चालतं पण आत सगळा खेळ सिनिऑरिटी नंबरचा आहे. पायलट जॉइन झाला की यादीत त्याला नंबर मिळतो आणि मग जन्मभर सगळं त्या नंबरवर, बेस कुठला, विमान कुठलं, डावी सीट (कॅप्टनची) की उजवी (फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिकाची), ख्रिसमसला घरी की हॉटेलात, सगळं. कंपनी बदललीत की वीस वर्षांचा अनुभव असला तरी यादीच्या तळाशी. आता मोठ्या विमानाचा एक कॅप्टन रिटायर झाला की त्याच्या जागी खालचा जातो, त्याच्या जागी त्याच्या खालचा, असं करत अख्खी साखळी एक एक पायरी वर सरकते. निवृत्ती दोन वर्षं पुढे ढकलली म्हणजे ही साखळी दोन वर्षं जवळपास ठप्प. चाळिशीतल्या फर्स्ट ऑफिसरला ती दोन वर्षं कॅप्टनच्या पगारात मोजता येतात, म्हणून तो चिडतो. सेफ्टी वगैरे नंतर येतं.

आणि हे एकदा होऊन गेलंय. अमेरिकेत १९६० पासून मर्यादा ६० होती. ती कशी आली तेही गंमतशीर आहे, अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांना जेट विमानं येत असताना वयस्कर पायलट नको होते, त्यांनी १९५९ मध्ये एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचे प्रमुख क्वेसाडा यांना पत्र लिहिलं, नियम आला, आणि पुढे हेच क्वेसाडा अमेरिकनच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. म्हणजे पायामध्ये वैद्यकीय कारण किती आणि कंपनीची सोय किती हे तुम्हीच ठरवा. २००६ मध्ये आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेने जगासाठी ६५ केलं आणि १३ डिसेंबर २००७ ला अमेरिकेतही सही झाली. त्याच्या आदल्याच दिवशी ज्यांना ६० पूर्ण झाली ते गेले ते गेलेच, परत यायचं तर नवीन भरती म्हणून. आणि ज्युनियर पाच वर्षं तिथेच अडकले, त्यात २००८ ची मंदी आली, कित्येकांना फर्लोवर, म्हणजे बिनपगारी रजेवर, घरी बसावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही. त्यातलेच काही जण आता साठी ओलांडल्यावर ६७ साठी बोलताना दिसतात तो भाग वेगळा!

आता सिक लीव्ह. पायलटला पगार तासावर मिळतो आणि सिक लीव्हही तासात जमा होते, तिला सगळे बँकच म्हणतात. चार दिवसांची ट्रिप सोडली तर त्या ट्रिपचे तास बँकेतून वजा. बऱ्याच ठिकाणी निवृत्त होताना उरलेल्या तासांचे पैसे मिळत नाहीत किंवा अगदीच थोडे मिळतात. आता मला सांगा, ज्याने तीस वर्षं जपून जपून शेकडो तास साठवले आणि ज्याला माहितीये की पासष्टाव्या वाढदिवसाला ते सगळे शून्य होणार, तो शेवटच्या वर्षात काय करेल? गुडघ्याचं ऑपरेशन आताच उरकून घेईल, जी पाठदुखी आजवर अंगावर काढली तिच्यासाठीही फोन करेल. ज्युनियरला यात चोरी दिसते कारण ती ट्रिप रिझर्व्हवर, म्हणजे ऐनवेळच्या बोलावण्यासाठी तयार बसलेल्या त्याच्यासारख्याच कोणाच्या तरी डोक्यावर पडते. पहाटे तीनला मी ज्याला उठवून सांगतो की दोन तासात रिपोर्ट करायचंय, त्याला समोरच्याचा गुडघा खरा की खोटा याचं काय घेणंदेणं.

शिवाय वय वाढलं की आजारपण वाढणारच, चाळिशीनंतर फर्स्ट क्लास मेडिकल, म्हणजे पायलटची सक्तीची वैद्यकीय तपासणी, दर सहा महिन्यांनी आणि ईसीजी दरवर्षी असतो आणि त्यात काही सापडलं की सगळे कागद क्लियर होईपर्यंत माणूस घरी. म्हणून युनियनवाले म्हणतात की ६७ केलं तरी हे जास्तीचे पायलट यादीत दिसतील, कॉकपिटमध्ये दिसतीलच असं नाही. मुद्दा अगदीच फालतू नाही. पण यावरून म्हातारे कामचुकार म्हणणं मला पटत नाही, कारण रविवारी खेळांची मोठी मॅच असली की कोण सिक टाकतं तेही आम्हाला माहितीये, त्यात पासष्टीचे फारसे नसतात.

लोकांना एक गोष्ट कळत नाही, ऑफिसवाला ज्या सर्दीत आरामात काम करतो त्या सर्दीत पायलटने उडायचं नसतं. विमान खाली उतरताना कान बंद राहिले तर पडद्याला इजा होऊ शकते, असह्य दुखतं. बरं गोळी घेऊन जावं तर डायफेनहायड्रामिनसारखी साधी ॲलर्जीची गोळी घेतली तरी एफएएच्या हिशोबाने ६० तास थांबा. आणि स्वतःला फिट वाटत नसेल तर उडायचं नाही ही कायद्याने पायलटचीच जबाबदारी आहे, नंतर कंपनीकडे बोट दाखवता येत नाही. मग त्याच माणसाला सिक जास्त झाल्या म्हणून चीफ पायलटच्या ऑफिसात बोलावून जाब विचारायचा, हे कसं चालेल?

फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ कोलगन एअरलाइनचं विमान पडलं, ५० माणसं गेली. फर्स्ट ऑफिसर रात्रभर दुसऱ्या विमानांनी प्रवास करून कामावर आली होती, तिला सर्दी होती, आणि कॉकपिटच्या रेकॉर्डरवर ती म्हणते की आता सिक टाकली तर हॉटेलचा खर्च माझ्याच खिशातून जाईल. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनने स्टॉल वॉर्निंगला (वेग कमी होऊन विमान कोसळू शकतं या इशाऱ्याला) दिलेला चुकीचा प्रतिसाद हे होतं, सर्दी नाही, पण विश्रांतीचे नवे नियम यानंतरच आले आणि २०१४ पासून लागू झाले. तिचं वय विशीत होतं, म्हणून मी म्हणतो की सिक टाकायला घाबरणारा पायलट कुठल्याही वयाचा असो, मला त्याची जास्त भीती वाटते.

मला विचाराल तर उरलेल्या सिक तासांचे निवृत्तीला बऱ्यापैकी पैसे द्या, शेवटच्या वर्षातली अर्धीअधिक कटकट तिथेच मिटेल. कंपन्या का देत नाहीत? कारण तो आकडा ताळेबंदात देणं म्हणून दिसायला लागतो, आणि रिझर्व्हवाल्याची मोडलेली झोप कुठल्याच कागदावर दिसत नाही.

राहिला ६७ चा प्रश्न. २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने ६७ चा प्रस्ताव पुढे नेला होता पण मे २०२४ मध्ये जो कायदा झाला त्यात ६५ च राहिलं. जपानने देशात ६७ केलंय, पण आयकाओची मर्यादा ६५ असेपर्यंत एकट्या अमेरिकेने वाढवून उपयोग कमी, कारण ६५ च्या पुढचा कॅप्टन परदेशात जाऊच शकणार नाही. आणि सगळ्यात सिनियर लोक नेमके मोठ्या विमानांवर परदेशी जातात! त्यांना देशांतर्गत छोट्या विमानावर आणायचं म्हणजे नवीन ट्रेनिंग, सिम्युलेटरच्या तारखा, आणि तिथे आधी बसलेल्या कॅप्टनला खाली ढकलायचं, त्याने आणखी कोणाला. तो सगळा गोंधळ रोस्टरमध्ये बसवायला शेवटी आम्हीच बसणार रात्रपाळीला.