बडोद्यात दीड दिवस मिळाला तर राजवाडा शेवटी ठेवा

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात मुलाखतीसाठी सांगलीहून बडोद्याला येताय, सोबत वडील आहेत, मुलाखत झाल्यावर दीड दिवस मोकळा आहे आणि पैसे बेताचे आहेत. तेवढ्या वेळात कुठली संग्रहालयं बघावीत, लक्ष्मी विलास पॅलेस बघायलाच हवा का, आणि तिखट न सोसणाऱ्या वडिलांना घेऊन स्वस्तात कुठं खावं, हा तुमचा प्रश्न.

मी दांडिया बाजारात वाढले आणि आता महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला-इतिहास शिकते. आमच्या घरात चार पिढ्या मराठी बोलतात. भाजी आणायला खाली उतरलं की जीभ आपोआप गुजरातीवर जाते, वर आलं की पुन्हा मराठी. सांगायचा मुद्दा असा की हे गाव मी पाहुणी म्हणून कधी बघितलंच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी अभ्यासासाठी वही घेऊन फिरायला लागले तेव्हा ते पहिल्यांदा नीट दिसलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: बडोद्यात राजानं स्वतःसाठी बांधलेलं जे आहे ते देखणं आहे, पण त्यानं सगळ्यांसाठी बांधलेलं जे आहे ते त्याहून मोठं आहे. तुमच्याकडे दीड दिवस आहे, तर या दुसऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा.

सयाजीबागेत जा. आम्ही तिला अजून कमाटी बागच म्हणतो. विद्यापीठाच्या कला शाखेचा तो प्रचंड घुमट, विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधलेला, बघून चालत निघालात तर काळ्या घोड्यापाशी याल. काळा घोडा म्हणजे बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड महाराजांचा अश्वारूढ पुतळा. त्याच्या समोरच बाग. ही बाग १८७९ची आणि तिच्यातलं बडोदा संग्रहालय १८९४ची इमारत. शेजारचं चित्रदालन १९१४मध्ये बांधून झालं, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपात घेतलेली चित्रं तिकडेच अडकली आणि दालन उघडायला १९२१ उजाडलं.

आत गेल्यावर सगळे आधी देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी शोधतात. तुम्हीही बघा, त्यात कमीपणा नाही. सांगाडा निळ्या देवमाशाचा आहे, सुमारे ७२ फूट लांब. मही नदीच्या मुखाशी डबका गावाजवळ तो मासा वाहून आला होता. शाळेच्या सहलीत मी त्याच्या बरगड्या मोजायला लागले होते आणि बाईंनी ओढून नेलं होतं, एवढंच मला त्या सहलीतलं आठवतं. ममी सयाजीरावांनी १८९५मध्ये आणवली. ज्या काळात बडोद्याच्या माणसाला मुंबई बघणं अवघड, त्या काळात त्याला इजिप्त गावातच बघायला मिळावं, ही त्या खरेदीमागची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

पण माझं ऐकाल तर तिथला सगळ्यात जास्त वेळ अकोट्याच्या कांस्यमूर्तींना द्या. विश्वामित्री नदी ओलांडली की अकोटा. आज तिथं घरं आहेत, सर सयाजीराव नगरगृह आहे, आम्ही मराठी नाटकं बघायला जातो. त्याच मातीत जमिनीखाली जैन मूर्तींचा एक मोठा साठा सापडला, अडुसष्ट मूर्तींचा. बहुतेक मूर्ती सहाव्या ते अकराव्या शतकातल्या आहेत. त्यात एक चामरधारिणी आहे, चवरी धरून उभी असलेली स्त्री. मूर्ती लहान आहे, पटकन पुढे जाल. थांबा आणि कमरेपासून खाली बघा. वस्त्र अंगाला असं चिकटलंय की धातू ओला वाटावा, आणि उभं राहताना एका पायावर टाकलेला भार तिच्या खांद्यापर्यंत पोचलाय. आमच्या वर्गात याला त्रिभंग म्हणून शिकवतात. मला ते तिथं उभं राहून समजलं, कारण मी नकळत तशीच उभी राहिले होते.

चित्रदालनातली युरोपीय चित्रं तुम्हाला आवड असेल तर बघा. वडील दमले असतील तर सोडा.

बागेतून बाहेर पडण्याआधी एक ठिकाण विचारून घ्या, संकल्पभूमी. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये अमेरिकेला शिकायला गेलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७मध्ये कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्याला आले. राहायला जागा कोणी देईना. एका पारशी पथिकाश्रमात ते नाव बदलून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. मुंबईच्या गाडीला पाच तास होते. ते तास त्यांनी याच कमाटी बागेत काढले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. ज्या राज्यानं त्यांना परदेशी पाठवलं त्याच गावानं त्यांना छप्पर दिलं नाही. संग्रहालयात सयाजीरावांचं कौतुक वाटून झालं की इथं येऊन उभं राहायलाच हवं, असं मला वाटतं. हे गाव मला आवडतं, आणि म्हणूनच ही गोष्ट पाहुण्यापासून लपवावीशी वाटत नाही.

इथून कीर्तिमंदिर जवळ आहे, चालत जाता येतं. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी ते १९३६मध्ये बांधलं. बाहेरून दगडी, शांत, जरा उदासही. बरेच लोक शिखराचा फोटो काढून परत फिरतात आणि आतल्या भिंतींवर काय आहे हे त्यांना कळतच नाही. आत नंदलाल बसूंची भित्तिचित्रं आहेत. आपल्या संविधानाची मूळ प्रत ज्यांच्या हाताखाली सजली तेच नंदलाल. १९३९ ते १९४६ या काळात शांतिनिकेतनहून येऊन त्यांनी चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचं जीवन, रवींद्रनाथांच्या नाटकावरून नटीर पूजा, आणि महाभारतातलं युद्ध. युद्धाची भिंत बघताना मान वर करून दोन-तीन मिनिटं काहीही शोधू नका. सगळीकडे हात, चाकं, धनुष्यं, घोड्यांच्या माना. मग हळूहळू त्या गर्दीतून अभिमन्यू बाहेर येतो. ती चित्रं रंगवली जात होती तेव्हा जगात दुसरं महायुद्ध चालू होतं, हे लक्षात आलं की ती भिंत वेगळी दिसते. माझ्या मते बडोद्यातली एकच जागा बघायची असेल तर ही. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा, दुपारी जाऊन कुलूप बघायची वेळ येऊ नये.

संध्याकाळी भूक लागलेली असणार. आता शेवउसळ. बडोद्यात आलात आणि शेवउसळ खाल्ली नाही, असं करू नका. महाकालीचं नाव सगळे सांगतील, कीर्तिस्तंभाजवळ, आणि तिथली चांगलीच आहे. पण या गावात नाक्या-नाक्यावर शेवउसळीची लारी आहे आणि प्रत्येकाचा एक घरचा लारीवाला असतो. आमचा लारीवाला आधी ताटलीत वाटाण्याची उसळ घालतो, पातळच. वर कांद्याची पात, हिरवी चटणी, मग मूठभर जाड शेव, आणि शेवटी पळीनं लाल तरी. पहिला घास तरी शेवेत मुरायच्या आत घ्यायचा, तेव्हा अर्धी शेव कुरकुरीत आणि अर्धी भिजलेली लागते. पाव बाजूला. तुम्ही सांगलीकर, मिसळीवर वाढलेले, तुम्हाला तिखट वाटणार नाही. पण ही मिसळ नाही, मिसळीची बहीणही नाही. उसळ आपल्याकडून आली असेल, इथं आल्यावर ती बडोद्याची झाली. वडिलांसाठी "तरी वगर" म्हणून मागा. तरी वेगळी मिळते, त्यामुळे त्यांनाही खाता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भागात या. दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाऊस आहे, पुरी-भाजीसाठी जुनं आणि नावाजलेलं. बटाट्याची भाजी तिखट नसते, वडील पोटभर खातील. आमचे आजोबा दर रविवारी तिथं जायचे आणि आल्यावर घरचा नाश्ता नको म्हणायचे, त्यावरून आजीशी वाद ठरलेला.

तिथून जवळच तांबेकरांचा वाडा. दिवाण भाऊ तांबेकरांचा, एकोणिसाव्या शतकातला लाकडी वाडा. आता तो पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. रस्त्यावरून बघाल तर वाटेल, आपल्या वाईला नाहीतर साताऱ्याला असे पन्नास वाडे आहेत. वर जा. वरच्या दालनांत भिंती, कमानी, खांबांच्या मधल्या जागा, सगळं चित्रांनी भरलेलं. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, आणि इंग्रज-मराठे लढाईही आहे. इंग्रज शिपाई लाल डगल्यात एका रांगेत, सगळ्यांचे चेहरे सारखे. कोणा मराठी चितारीनं इंग्रजाकडे बघून त्याची ती शिस्त अशी टिपली आहे.

मी आजोबांना तिथं नेलं होतं ते शेवटचं वर्ष. गुडघे दुखायचे, जिना उंच, मी नको म्हणत होते. ते एकेक पायरी बसत-बसत चढले. चित्रांपेक्षा जास्त वेळ त्यांनी लाकडी खांब आणि खिडकीच्या कड्या बघण्यात घालवला. म्हणाले, "आपल्या जुन्या घराला अशीच कडी होती, रात्री लावली की आवाज यायचा." मी कला-इतिहासाची विद्यार्थिनी, चित्रांचे विषय त्यांना समजावून सांगायची तयारी करून गेले होते. त्या दिवशी ऐकायचं काम मी केलं. तुमचे वडील सांगलीकडच्या जुन्या घरात वाढले असतील तर त्यांना इथं घाई करू नका. जिना मात्र खरोखर उंच आहे, सावकाश.

वाड्यात तिकीट लागत नाही, म्हणून लोक त्याला गंभीरपणे घेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. भिंतीवर नावं कोरणारेही येऊन गेलेत. तुम्ही येताय तर हात न लावता बघा आणि तिथल्या राखणदाराशी दोन शब्द बोला, तो मनापासून दाखवतो.

आता राजवाडा. लक्ष्मी विलास पॅलेस १८९०मध्ये पूर्ण झाला आणि दरबार हॉल खरंच बघण्यासारखा आहे, रंगीत काचा, पायाखाली मोझॅक. पण दोघांचं तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला जड जातं. तेवढ्यात तुमचं दोन वेळचं जेवण आणि रिक्षा सुटेल. पैसे राखून खर्च करायचे असतील तर राजवाड्याच्याच आवारातलं महाराजा फतेहसिंह संग्रहालय निवडा, तिकीट वेगळं असतं. ही इमारत राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेसाठी बांधलेली. आत राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, सयाजीरावांनी मुद्दाम काढून घेतलेली. विश्वामित्र-मेनका, शंतनू-मत्स्यगंधा. आपण ज्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरात बघत मोठे झालो त्या याच हातातून आलेल्या. छापील चित्रात जे सपाट वाटतं ते इथं तसं नाही. साडीच्या जरीवर रंगाचा थर उचललेला दिसतो, दागिन्यावर एकच पांढरा ठिपका देऊन त्यानं मोती उभा केलाय. बाजूला सरकून, उजेड तिरपा पडेल असं उभं राहून बघा.

जुन्या शहरातल्या मांडवीकडे जाणार असाल तर वाटेत मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९१०मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवली. आत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून. मराठी पुस्तकंही भरपूर. तुम्ही इथं शिकायला आलात तर पहिल्या आठवड्यात सभासद व्हा.

वडिलांच्या जेवणाबद्दल अजून एक. गुजराती थाळीतली डाळ गोड असते, पहिल्या घासाला ते भुवया उंचावतील. खिचडी-कढी मागा, ती सगळीकडे हलकी आणि चांगली मिळते. रात्री तुम्हाला एकट्याला फिरायचं असेल तर कारेलीबागेत रात्री बाजार भरतो, आम्ही परीक्षा संपली की तिथंच जातो. अंडं चालत असेल तर राजू ऑम्लेट. एका चकचकीत कॅफेत माझ्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही पाच जणींनी महिन्याचा खर्च घातला आणि उपाशी घरी आलो, त्यामुळे तसल्या जागांची शिफारस मी करणार नाही.

परत जाताना रावपुऱ्यात दुलीरामचा पेढा घ्या. खवा खरपूस भाजलेला, रंगानं तपकिरी, गाडीत दोन दिवस आरामात टिकतो. जगदीशचा लीलो चेवडो घ्यायचा तर घरी पोचायच्या दिवशीच संपवायच्या बेतानं घ्या. तो आपल्या चिवड्यासारखा कोरडा नसतो, ओलसर आणि गोडसर असतो. भाकरवडीही मिळते. पुण्याची आणि इथली यात मला इथली आवडते, मसाल्यात गोडवा जास्त आहे म्हणून, पण वडिलांना दोन्ही खाऊन ठरवू द्या.

मुलाखत कुठल्या विभागात आहे ते खाली लिहा. विद्यापीठाच्या इमारती गावभर पसरलेल्या आहेत, तिथून काळ्या घोड्यापर्यंत चालत यायचं की रिक्षा करायची ते त्यावर ठरेल.