नोकरी बदलताना फोर्कलिफ्ट प्रशिक्षणाचा पुरावा

प्रश्न : मी गेली काही वर्षे एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत आहे. प्रशिक्षण कंपनीनेच दिले. हातात फक्त कंपनीचे कार्ड आहे. दुसरीकडे निवड झाली असून तेथे पुरावा मागितला आहे. हे कार्ड चालेल का, की पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागेल?

उत्तर : कार्ड अवश्य दाखवा, पण केवळ त्यावर विसंबू नका. कंपनीने दिलेले कार्ड म्हणजे सर्वत्र चालणारा परवाना नव्हे. त्या जागेत, त्या यंत्रावर तुम्हाला काम करू देण्यास ती कंपनी तयार होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामाच्या जागेवरील सुरक्षेचे नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमांनुसार ऑपरेटरला प्रमाणित करण्याची जबाबदारी कंपनीवरच असते आणि त्या नोंदीत ऑपरेटरचे नाव, प्रशिक्षणाची तारीख, मूल्यमापनाची तारीख आणि ही दोन्ही कामे कोणी केली याचा उल्लेख असावा लागतो. तुमचा देश कोणताही असो, राजीनामा देताना याच तपशिलांची सही-शिक्क्यानिशी प्रत मागून घ्या; नोकरी सुटल्यावर जुनी फाइल शोधून देण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

यंत्राचा प्रकार त्यात स्पष्ट हवा. काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टवर (मागच्या बाजूला तोलाचे वजन असलेल्या नेहमीच्या यंत्रावर) हात बसलेला माणूस अरुंद वाटेत रीच ट्रकवर (काटे पुढे सरकवून उंचावरचा माल काढणाऱ्या यंत्रावर) उंच रॅकमधून पॅलेट काढू लागला, की वळण्याची जागा, मास्टची (काटे वर-खाली नेणाऱ्या उभ्या खांबाची) हालचाल आणि उंचीनुसार घटणारी भारक्षमता हे सारे त्याला नव्याने समजून घ्यावे लागते. ‘फोर्कलिफ्ट येते’ एवढ्याच शेऱ्याचा म्हणूनच फारसा उपयोग नाही.

संपूर्ण प्रशिक्षण पुन्हा घ्यावेच लागेल असे नाही. ओशाच्याच नियमांत अशी मुभा आहे की, आधी शिकलेला विषय नव्या यंत्राला व जागेला लागू पडत असेल आणि मूल्यमापनात ऑपरेटर सक्षम ठरला असेल, तर तो विषय पुन्हा शिकवण्याची गरज नसते. मूल्यमापन मात्र दर तीन वर्षांनी किमान एकदा व्हावे लागते. ब्रिटनमध्येही मूलभूत प्रशिक्षणाच्या जोडीला कामाशी संबंधित प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष जागेवरची ओळख अपेक्षित असते. (केवळ ऑनलाइन परीक्षेवर लगोलग मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका, प्रत्यक्ष यंत्रावरील चाचणीची जागा ती घेऊ शकत नाहीत.)

जुन्या कंपनीने नोंद देण्यास नकार दिला, तर निदान अनुभवपत्रात यंत्राचा प्रकार, त्याची क्षमता आणि कामाचा कालावधी लिहून घ्या. तेही न जमल्यास नव्या कंपनीला तसे आधीच सांगा आणि रुजू होताच प्रत्यक्ष चाचणी घेण्याची लेखी विनंती करा.